रात्रीची लाईट, जिवाला घोर

वसमत तालुक्यात रात्रपाळी करणारे बरेच जण कोणत्याच हजेरीपटावर नाहीत. पूर्णा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की गव्हाणीपासून पॅनपर्यंतची माणसं तीन पाळ्यांत वाटली जातात. त्यांच्या नावापुढे सही असते, पगारात त्या रात्रीचा हिशोब असतो. सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका, पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावरचे कर्मचारी, महावितरणच्या उपकेंद्रातले ऑपरेटर यांचीही रात्र कुठेतरी नोंदलेली असते. पण शेतीपंपाला रात्रीची लाईट आली म्हणून बॅटरी आणि काठी घेऊन ऊस, केळी नाहीतर हळद भिजवायला निघालेला शेतकरी आणि त्याचा सालगडी यांच्या जागरणाला नावच नाही. त्याला कुणी ड्युटी म्हणत नाही, म्हणून त्यातून येणाऱ्या त्रासालाही कुणी ड्युटीचा त्रास म्हणत नाही. पहाटे तीनच्या सुमाराला अचानक छाती धडधडू लागते, श्वास पुरेनासा होतो, हातापायांना मुंग्या येतात, घाम फुटतो आणि आपण आता मरणार अशी पक्की खात्री वाटू लागते. मग कुणी म्हणतं अटॅक आला, कुणी म्हणतं बीपी लो झालं, कुणी म्हणतं त्या आंब्याखालून गेला होता ना, बाहेरचं काही असेल. वैद्यकात याला पॅनिक अटॅक म्हणतात. मला इथे मांडायचं आहे ते एवढंच, की हा झटका माणसाच्या भित्रेपणाचा पुरावा नाही. तो शरीराचा खोटा इशारा आहे, आणि रात्रीचं काम तो इशारा वाजण्याचा उंबरठा खाली आणतं. हे खरं असेल, तर त्यावरचा उपाय त्या एकट्या माणसाच्या मनात शोधून भागणार नाही. तो पाळीच्या तक्त्यात आणि विजेच्या वेळापत्रकातही शोधावा लागेल.

खोटा इशारा म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घेणं हाच उपचाराचा निम्मा भाग आहे, म्हणून तिथे थोडं थांबू. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८७१ साली, जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी अशा शेकडो सैनिकांची वर्णनं प्रसिद्ध केली, ज्यांची छाती धडधडत होती, दम लागत होता, पण हृदयात दोष सापडत नव्हता. त्यांनी दोष हृदयाच्याच नावावर लावला. पुढची जवळपास शंभर वर्षं वैद्यक हृदय आणि मन यांच्यामध्ये घुटमळत राहिलं. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने जो खुलासा केला तो आजही सगळ्यात उपयोगी आहे. शरीरात काहीतरी किरकोळ बदल होतो: जिना चढून धाप लागते, चहाने ठोके वाढतात, उभं राहिल्यावर जरा गरगरतं. मन त्या बदलाचा अर्थ ‘आता काही खरं नाही’ असा लावतं. या अर्थाने भीती वाढते, भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, त्याने ठोके आणखी वाढतात, आणि वाढलेले ठोके पहिल्या संशयाला दुजोरा देतात. काही मिनिटांत हे चक्र शिगेला पोचतं, साधारण दहा मिनिटांच्या आतच, आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतं, कारण शरीर तेवढा वेळच त्या टोकावर राहू शकतं.

यात श्वासाचा वाटा मोठा असतो. घाबरलेला माणूस भराभर, तोंडाने, छातीच्या वरच्या भागातून श्वास घेतो. त्याला वाटतं हवा कमी पडते आहे; प्रत्यक्षात ऑक्सिजन पुरेसा असतो आणि कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जात असतो. तो कमी झाला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर येते आणि भोवतालचं सगळं खोटं-खोटं, दूर गेल्यासारखं वाटतं. रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. बोटं आखडलेली पाहून बघणारे घाबरतात, त्यांचे चेहरे पाहून तो आणखी घाबरतो. अंगात काही शिरल्याचा समज याच आखडलेल्या बोटांवरून होतो. इथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावंसं वाटतं. आपल्याकडे अशा माणसाला मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेतात, सलाईन लावतात, आणि बाटली निम्मी होईपर्यंत त्याला बरं वाटतं. श्रेय सलाईनला जातं. पण झटका अर्ध्या तासात आपोआप उतरणारच होता. बाटलीतल्या मीठपाण्याने भीतीचं काही केलेलं नसतं. नुकसान हे की माणूस शिकतो, ‘सलाईन मिळाली म्हणून वाचलो’. पुढच्या वेळी रानात, दवाखान्यापासून आठ किलोमीटरवर असताना हीच शिकवण त्याची भीती दुप्पट करते. अंगारा किंवा उतारा याबाबतही हिशोब तोच आहे. ज्या गोष्टीनंतर झटका थांबला, तिला त्याचं श्रेय मिळतं, आणि आपण स्वतः त्यातून बाहेर आलो हे त्या माणसाला कधी कळतच नाही.

धोक्याची घंटा खोटी कशी वाजू शकते, हे वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना वेगळं सांगायला नको. तिथे वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, लोक रात्री-बेरात्री घराबाहेर येऊन बसतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमाराला आणि त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सातनंतर हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. आणि मराठवाड्यात ज्याला ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आठवते, त्याला पहाटे चारच्या आसपास हलकीशी थरथर झाली तरी अंथरुणात पडून राहवत नाही. हा भित्रेपणा म्हणायचा का? खऱ्या धोक्याचा अनुभव घेतलेली यंत्रणा पुढे लहानशा खुणेवरही वाजते, कारण तिच्या दृष्टीने दहा वेळा खोटं वाजणं परवडतं, एकदा न वाजणं परवडत नाही. मेंदूतला अमिग्डला हा भाग याच हिशोबाने चालतो. पॅनिक अटॅक म्हणजे तीच यंत्रणा, फक्त खूण बाहेरच्या जमिनीतून येण्याऐवजी स्वतःच्या छातीतून आलेली.

आता रात्रीचा संबंध पाहू. मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे, तो शरीराचं घड्याळ चालवतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसं टिकटिकतं हे शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ उजेडावर लावलं जातं, हजेरीपटावर नाही. त्यामुळे गड्याने रात्रभर मोटर सांभाळली तरी त्याच्या शरीराच्या दृष्टीने पहाटे तीन म्हणजे गाढ झोपेचीच वेळ असते. अंगाचं तापमान तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात खाली जातं, लक्ष विस्कटतं, हातपाय जड होतात, पोटात कालवतं, थंडी वाजते. निरोगी माणसालाही या वेळी अंगात काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. म्हणजे क्लार्कच्या चक्राला लागणारी पहिली ठिणगी, शरीरातला अनोळखी बदल, रात्र रोज फुकट पुरवते. दुसरीकडे झोप कमी पडते. दिवसा घेतलेली झोप रात्रीच्या झोपेपेक्षा सहसा एक ते चार तासांनी कमी भरते. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की एक अख्खी रात्र जागलेल्या तरुणांचा अमिग्डला त्रासदायक चित्रं पाहून साठ टक्के जास्त पेटतो, आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या मेंदूशी त्याची जोडणी सैल पडते. २०१९ मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की एका जागरणानंतर चिंतेची पातळी तीस टक्क्यांपर्यंत वाढते, आणि ती खाली आणायचं काम मुख्यतः गाढ, स्वप्नविरहित झोप करते. रात्रपाळीवाल्याची हीच झोप दुपारच्या गोंगाटात तुटते. घंटा हळवी झालेली, ठिणग्या जास्त, आणि घंटा बंद करणारा हात सुन्न.

मात्र पुराव्याच्या पुढे जाऊ नये. २०१९ मध्ये पाळीकामावरच्या सात दीर्घकालीन अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात पाळीत काम करणाऱ्यांना मानसिक त्रास होण्याचा धोका इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि स्त्रियांमध्ये नैराश्याच्या लक्षणांचा धोका त्याहून बराच मोठा निघाला. हा पुरावा नैराश्याबाबत भक्कम आहे, चिंतेबाबत तेवढा सरळ नाही. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला पॅनिक होत नाही. बहुतेकांना होत नाही. ज्याच्यात आधीच घरातून आलेला कल आहे, कर्जाचा किंवा आजारपणाचा घोर आहे, त्याच्यात रात्र तो उघडा पाडते. पण म्हणून रात्र निर्दोष ठरत नाही. ओल्या भिंतीला आधीच तडा असला, तरी पाऊस पडला म्हणूनच ती त्या दिवशी पडते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रानातून येतो. ‘खोटा इशारा कसला? रात्री उसात पाणी द्यायला जाऊन बघा.’ हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे, आणि त्यातली बहुसंख्य खेड्यातली. घोणस आणि मण्यार मुख्यतः रात्री फिरतात. ओल्या जमिनीवर उभं राहून उघड्या पेटीतल्या स्टार्टरला हात लावणं हा खरा धोका आहे. या भीतीवर श्वासाचे व्यायाम सांगणं म्हणजे त्या माणसाचा अपमान करणं होय. खऱ्या भीतीचं उत्तर गमबूट, चांगली बॅटरी, अर्थिंग, झाकलेली पेटी, सोबतीला दुसरा माणूस आणि साप चावल्यावर मांत्रिकाकडे न थांबता थेट सरकारी दवाखाना हेच आहे. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला खोडत नाही, उलट त्याला आधार देतो. ज्या माणसाला रात्रभर खऱ्या धोक्यासाठी कान टवकारून राहावं लागतं, त्याची घंटा सतत अर्धी वाजलेलीच असते, आणि तीच पुढे घरी, बाजेवर, काहीही कारण नसताना पूर्ण वाजते. खरी भीती कमी केल्याशिवाय खोटी कमी होणार नाही, म्हणून बूट आणि अर्थिंग हे मानसिक आरोग्याचेही उपाय आहेत असं मी मानतो.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा: ‘आम्ही खळ्यावर जागलो, मोटेच्या काळात चांदण्यात भिजवलं, आम्हाला नाही कधी असं झालं.’ कुणाला झालं आणि कुणाला नाही, हे आज सांगता येणार नाही, कारण त्या काळात अशा त्रासाला वारं, भूतबाधा, काळीज हलणं अशी नावं होती आणि त्याची गणती कुणी केली नाही. पण जागरणाची जात बदलली आहे हे नक्की. खळ्यावरची राखण म्हणजे झोपेत एक कान उघडा ठेवणं, चारचौघांच्या सोबतीनं, सुगीपुरतं. शेतीपंपाची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आलटून पालटून येते. शरीराच्या दृष्टीने ठरलेल्या रात्रपाळीपेक्षाही हे अवघड, कारण घड्याळाला कोणत्याही बाजूला वळायला वेळच मिळत नाही. त्यात लाईट मध्येच जाते, ती केव्हा येईल याची वाट पाहत धुऱ्यावर बसावं लागतं. ताण मोजणाऱ्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे की अनिश्चितता ही कष्टापेक्षा जास्त पोखरते. हातातला मोबाईल आता एकटेपणा घालवतो खरा, पण त्याचा प्रकाश थोडीफार उरलेली झोपही मागे ढकलतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि तो डॉक्टरांनी घ्यायला हवा: ‘पॅनिक समजून बसलात आणि खरंच हार्ट अटॅक असला तर?’ १९८५ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात सगळ्यात जास्त येतात असं दिसलं. म्हणजे रात्रपाळी सुटायच्या वेळेला छातीत दुखणं हलक्यावर घेऊ नये. आयुष्यात पहिल्यांदा असा झटका आला, तर तो पॅनिक आहे असं घरच्या घरी ठरवायचं नाही. ईसीजी काढायचा, साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहायचं. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, चालल्यावर वाढणं, पंधरा-वीस मिनिटांत न उतरणं, चाळिशी ओलांडलेली, मधुमेह, तंबाखू, यांपैकी काही असेल तर आधी दवाखाना. फवारणी करून आलेल्या माणसाला घाम, लाळ, मळमळ आणि बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर विषबाधेचा विचार आधी. दारू रोज घेणाऱ्याने एकदम सोडली, तर थरथर आणि घबराट त्यामुळेही येते. पण तपासण्या एकदा नीट झाल्या आणि निष्कर्ष स्पष्ट आला, की दर महिन्याला नवा ईसीजी काढत राहणं हा उपचार राहत नाही, तो आजाराचाच भाग बनतो. प्रत्येक नॉर्मल रिपोर्ट दोन दिवस धीर देतो आणि तिसऱ्या दिवशी शंका परत येते.

झटका आला त्या क्षणी काय करायचं, हे वरच्या चक्रावरूनच ठरतं. पहिलं काम यंत्रापासून दूर होणं: गव्हाणीवरचा, बॉयलरवरचा किंवा हळदीच्या कुकरपाशी उभा असलेला माणूस असेल तर त्याने शेजारच्याला सांगून चार पावलं मागे येऊन बसावं, मोटरसायकलवर असेल तर गाडी कडेला लावावी. मग श्वास ‘मोठा’ घ्यायचा नाही, हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आजूबाजूचे नेमकं तेच सांगतात. नाकाने हळू चार मोजेपर्यंत आत, आणि फुंकर घातल्यासारखा ओठ आवळून सहा मोजेपर्यंत बाहेर. भर बाहेर सोडण्यावर. चार-पाच मिनिटांत कार्बन डायऑक्साइड भरून येतो आणि मुंग्या आपोआप जातात. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना सल्ला आता देत नाहीत, कारण दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो घातक ठरतो. तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गुणकारी: झटक्याशी झुंजायचं नाही. ‘हे पॅनिक आहे, दहा मिनिटांत शिगेला जाईल आणि उतरेल, मागच्या वेळीही उतरलं होतं’ असं स्वतःशी म्हणत तो जाऊ द्यायचा, आणि उतरल्यावर शक्य असेल तर त्याच कामावर परत यायचं. पाळी सोडून घरी पळालं की त्या रात्रीपुरतं बरं वाटतं, पण मेंदू टिपून ठेवतो की ती जागाच धोक्याची होती. आज पॅनवर जमत नाही, उद्या कारखान्याच्या गेटातून जमत नाही, परवा एकट्याने वसमतच्या मोंढ्यात जाणंही जमत नाही. आजार असा पसरतो, झटक्यांनी कमी आणि टाळाटाळीने जास्त. सोबत असलेल्या माणसाने ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असं म्हणू नये. शेजारी बसावं, आपला श्वास सावकाश ठेवावा आणि त्याच्या बरोबर आकडे मोजावेत.

दोन पाळ्यांच्या मधले तास त्याहून महत्त्वाचे. रात्र काढायला चहा लागतोच, त्यावर मी बंदी सुचवत नाही. पण कॅफिन रक्तातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, आणि पॅनिकचा कल असलेल्या माणसात ते स्वतःच झटका आणू शकतं, हे प्रयोगांत सिद्ध झालेलं आहे. म्हणून चहा पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात, आणि पहाटे दोननंतर नाही. तंबाखू आणि गुटखा जागं ठेवतात ते ठोके वाढवूनच. झोप यावी म्हणून सकाळी घेतलेली दारू झोप आणते आणि काही तासांत तीच झोप फोडते. पाळीवर जायच्या आधी संध्याकाळी तास-दीड तास पडणं हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. घरी आल्यावर झोपेची एक ठरावीक खिडकी, म्हणजे सकाळी नऊ ते एक असे चार तास तरी, पाळी कोणतीही असो, शक्यतो तीच ठेवावी. आता वसमतच्या एप्रिलमध्ये, चाळिशीच्या वर तापलेल्या पत्र्याखाली दुपारी झोपणं किती अवघड आहे हे उघड आहे, म्हणून झोपेचे तास सकाळी लवकर उरकणं, खिडकीला जाड गोधडी लावणं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं एवढंच हातात राहतं. आणि घरच्यांच्या हातात त्याहून जास्त असतं. रात्री दवाखान्यात जागलेली परिचारिका सकाळी येऊन स्वयंपाक, डबे, धुणं करून दुपारी पाठ टेकते, तेव्हा तिची झोप घड्याळाने नाही, घराने मोडलेली असते. स्त्रियांमध्ये पाळीकामाचा फटका मोठा दिसतो, त्याचं एक कारण मला इथेच दिसतं.

एवढं करूनही झटके वारंवार येत असतील, किंवा महिनाभर माणूस पुढच्या झटक्याच्या धास्तीतच जगत असेल, तर तो पॅनिक डिसऑर्डर आहे आणि तो बरा होणारा आजार आहे. त्यावरची वर्तन-विचार उपचारपद्धती साधारण बारा बैठकांची असते. तीत जागच्या जागी धावून किंवा गरगर फिरून मुद्दाम ठोके आणि चक्कर आणवतात, आणि तरीही काही होत नाही हे शरीरालाच शिकवतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो यांच्या मोठ्या चाचणीत ही पद्धत औषधाइतकीच चालली, आणि उपचार थांबवल्यानंतर तिचा गुण जास्त टिकला. एसएसआरआय गटातली औषधं गुण द्यायला दोन ते चार आठवडे किंवा अधिक घेतात. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी थोडी वाढू शकते, म्हणून चार गोळ्यांनंतर ‘सोसत नाही’ म्हणून सोडणं घाईचं ठरतं. सवय लावतात त्या वेगळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या, लगेच आराम देणाऱ्या. मेडिकलवर ‘झोपेची गोळी’ म्हणून मागून घेतलेली ही गोळी खाऊन बॉयलरवर किंवा ट्रॅक्टरवर बसणं जिवावरचं आहे, आणि महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केली तर जी घबराट येते ती मूळ आजारापेक्षा मोठी असू शकते. औषधं मेंदू कमजोर करतात, या भीतीचं मूळ याच गोळीच्या गैरवापरात आहे, आणि त्यापायी माणसं उपयोगी औषधंही नाकारतात.

पण डॉक्टर आहे कुठे, हा आक्षेप टाळता येत नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता-नैराश्यासारख्या सामान्य मानसिक आजारांच्या ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत असं आढळलं. हे सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण मराठवाड्याचं चित्र याहून उजळ असेल असं मानायला काही आधार नाही. हिंगोलीसह चौदा जिल्ह्यांत राज्य सरकारने २०१५ मध्ये मानसिक आरोग्यासाठीचा प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. म्हणजे मन आणि शेती यांचा संबंध सरकारनेही मान्य केला, पण टोकाला पोचल्यावर. त्या टोकाच्या कितीतरी आधी, पहाटेच्या तीन वाजता, ज्याला कुणाशी बोलायचं आहे त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही मोफत सेवा आहे: क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतून. रात्रपाळीवाल्याला दिवसाची ओपीडी गाठता येत नाही, कारण ती त्याच्या झोपेची वेळ असते. ही सेवा त्याच्या वेळेत चालते, हे तिचं मोठेपण आहे.

आता पाळीच्या तक्त्याकडे. साखर कारखाना रात्री थांबू शकत नाही, हे मान्य करायला हवं: तोडलेला ऊस वाळतो, त्यातली साखर उतरते, बॉयलर विझवून रोज पेटवता येत नाही. पण रात्र कशी वाटायची हे ठरवता येतं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, एका खनिज प्रक्रिया कारखान्यात, चार्ल्स झाइसलर आणि सहकाऱ्यांनी फक्त पाळीचा क्रम बदलला. आधी कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला मागे सरकत. रात्र, मग दुपार, मग सकाळ. त्यांनी त्या पुढे सरकवल्या, कारण माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं; आणि बदल आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी केला. कामगारांचं समाधान आणि आरोग्य सुधारलं, उत्पादनही वाढलं. असा क्रम लावायला कारखान्याला यंत्र घ्यावं लागत नाही, टाइम ऑफिसमधला कागद बदलावा लागतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने एक बारीक गोष्ट लिहून ठेवली होती: पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर साप्ताहिक सुट्टीचे चोवीस तास पाळी संपल्यापासून मोजायचे, म्हणजे सुट्टीचा निम्मा दिवस ड्युटीतच जाऊ नये. रात्रीची झोप ही कामगाराची मालमत्ता आहे, हे कायद्याला पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच कळलं होतं. ज्याला झटके येतात त्याला उपचाराच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिवसपाळी द्यावी, परत यायची तारीख ठरवून. ही टाळाटाळ नव्हे, ठिणग्या कमी करून घंटा दुरुस्त करायला दिलेला वेळ आहे. तारीख न ठरवता दिलेली दिवसपाळी मात्र टाळाटाळच होते.

शेतकऱ्याच्या पाळीचा तक्ता महावितरणच्या फीडरवर लिहिलेला असतो. म्हणून शेतीपंपांना दिवसा सौर वीज देऊ पाहणारी २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मध्ये आलेला तिचा दुसरा टप्पा यांच्याकडे मी केवळ ऊर्जेच्या प्रश्नासारखं पाहत नाही. ज्या फीडरला दिवसा लाईट मिळते, त्या फीडरवरच्या सगळ्या शेतकऱ्यांची रात्रीची झोप एका निर्णयाने परत येते. कोणत्याही समुपदेशकाला एका दिवसात एवढं जमणार नाही. तोवर लोक स्वतःचे मार्ग काढतातच. स्टार्टरला ऑटो स्विच लावतात, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि रात्री उठावं लागत नाही. महावितरणला ते नको असतं, कारण सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर भार येतो आणि ती जळते. मग आठ दिवस अख्ख्या शिवाराची झोप जाते. मोबाईल स्टार्टर आणि ठिबक हा त्यातला बरा रस्ता, कारण घरून थोडं थांबून मोटर चालू करता येते आणि दारं धरायला रानात उभं राहावं लागत नाही. ज्याला ते परवडत नाही त्याने निदान शेजारच्या दोन शेतांशी ठरवून घ्यावं: आज तू तिघांचं बघ, उद्या मी, परवा तो. आठवड्याला चार रात्रींऐवजी एक-दोन रात्रीच जागावं लागतं, उरलेल्या रात्री अखंड झोप मिळते, आणि ज्या रात्री छातीत धडधड होईल त्या रात्री हाक मारायला धुऱ्यापलीकडे कोण आहे हे माहीत असतं.